दोन कोटींचा खुलासा

शॉम्बर्ग, शिकागोजवळ
फेब्रुवारी

ती. आई-बाबांना,


अकोल्याच्या आत्याबाईंचा फोन एव्हाना तुम्हाला येऊन गेला असेल. शनिवारी रात्री मी त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते, तेवढ्यात खाली बेसमेंटमधून तुमच्या चिरंजीवांचा आवाज आला, "गेले! दोन कोटी गेले!" पाठोपाठ डोंबिवलीकर भाऊजी म्हणाले, "तरी सांगत होतो, एवढं हलवू नकोस." आत्याबाई एकदम गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की अर्ध्या तासात सगळ्या नातेवाइकांना बातमी कळते, म्हणून घाईने लिहिते आहे. घर गहाण पडलेलं नाही, नोकरी शाबूत आहे. ते दोन कोटी रुपये नव्हते आणि डॉलर तर नव्हतेच. पॉइंट होते.

तुमचे चिरंजीव, डोंबिवलीकर, कोल्हापूरकर आणि नागपूरकर असे चौघं टीव्हीवर पिनबॉल खेळतात. पिनबॉल म्हणजे काय ते बाबांना सांगायला नकोच. मी लग्न होऊन आले तेव्हा हॉलमधल्या त्या एक्सपीवाल्या कम्प्युटरवर बाबा "जरा बँकेचा हिशेब बघतो" म्हणून बसायचे आणि आतून स्पेसबारची खटखट ऐकू यायची. अंतराळाचं चित्र असलेलं टेबल, खाली चेंडू उडवणारे दोन फ्लिपर, आणि चेंडू मधून निसटला की बाबांचं "अरे च्च!" तोच हा खेळ, फक्त आता चौघं मिळून "च्च" करतात. नव्या विंडोजमध्ये तो गेम नव्हता तेव्हा कम्प्युटरवाल्याने मुद्दाम उडवला असं बाबांचं म्हणणं होतं. तसं नव्हतं. ६४-बिटच्या कम्प्युटरवर त्यातला चेंडू वस्तूंच्या आरपार जायला लागला, मूळ कोड बाहेरच्यांनी लिहिलेला, त्यात दोष कुठे आहे ते कोणाला सापडेना, म्हणून मायक्रोसॉफ्टनेच तो काढून टाकला. कम्प्युटरवाल्याला तेव्हा जे बोललं गेलं ते आता मागे घ्यायला हरकत नाही.

आत्याबाईंना आलेली जुगाराची शंका मात्र त्यांची एकटीची नाही. (हा भाग त्यांना वाचून दाखवू नका.) न्यूयॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनाही तीच शंका होती. १९४२ साली त्यांनी पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली आणि जप्त केलेली यंत्रं घणाने फोडली. ती बंदी उठली १९७६मध्ये. तेव्हा रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराला नगर परिषदेपुढे खेळून दाखवायला लावलं. त्याने आधी सांगितलं की आता चेंडू मधल्या वाटेने पाडतो, दांडा ओढून सोडला, आणि चेंडू गेला मधल्या वाटेने! म्हणजे हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ, असा निकाल लागला. पुढे शार्पनेच सांगितलं की त्या फटक्यात नशिबाचाही हात होता.

गंमत म्हणजे ही यंत्रं बनायची आमच्या शिकागोतच. गॉटलीब, बॅली, विल्यम्स, सगळे इथले. बॅलीच्या नावाने १९९२मध्ये निघालेल्या 'द ॲडम्स फॅमिली' या टेबलाचे २०,२७० नग खपले. आज ते घरात आणायचं तर जुन्या गाडीइतके पैसे मोजावे लागतात, शिवाय ते जिन्यावरून खाली उतरवणार कोण? तेव्हा शिकागोचं यंत्र बुडापेस्टच्या झेन स्टुडिओजने 'पिनबॉल एफएक्स'मध्ये उतरवलं आणि ते शिकागोच्या उपनगरात आमच्या सोफ्यावर परत आलं. खऱ्या यंत्रातला पोलादी गोळा ८० ग्रॅमचा असतो. टीव्हीतल्याला वजन नाही, पण तो खाली गेल्यावर चेहरे पडायचे तेवढे पडतातच.

हा खेळ चौघांनी पाळीपाळीने खेळायचा, प्रत्येकाला तीन बॉल. म्हणजे एकाच्या हातात कंट्रोलर आणि तिघं रिकामे. एक करणारा आणि तीन सांगणारे! आपल्या लोकांसाठी याहून चांगला खेळ अजून निघालेला नाही. डोंबिवलीकर भाऊजी चेंडू फ्लिपरवर अडवून धरतात आणि विचार करतात. खरं कौशल्य तेच म्हणे, पण ते इतका विचार करतात की मी मधे जाऊन चहा टाकून येते. कोल्हापूरकर दोन्ही फ्लिपर एकदम दाबतात, सतत, चेंडू कुठेही असो. 'मिडिव्हल मॅडनेस'च्या टेबलावर एक किल्ला आहे. त्याचा पूल पाडायचा, दरवाजा फोडायचा, की किल्ला ढासळतो. कोल्हापूरकरांना दुसरं काही करायचंच नसतं. नागपूरकर स्वतः फारसे टिकत नाहीत, पण दुसऱ्याचा चेंडू कोणत्या कोनातून मारायला हवा होता ते त्यांना नेहमी माहीत असतं, चेंडू गेल्यानंतर.

आणि तुमचे चिरंजीव हलवतात. खऱ्या यंत्राला खेळणारे हलका धक्का देतात, चेंडूची दिशा थोडी बदलावी म्हणून. तो अति होऊ नये म्हणून आत गवंड्याच्या ओळंब्यासारखं एक वजन कड्याच्या मधोमध टांगलेलं असतं. यंत्र जास्त हललं की वजन कड्याला टेकतं, फ्लिपर निर्जीव होतात, चेंडू डोळ्यांदेखत खाली जातो आणि त्या बॉलचा बोनस बुडतो. त्याला टिल्ट म्हणतात. टीव्हीच्या खेळात ओळंबा नाही, पण त्याचा हिशेब आहे. धक्का द्यायला कंट्रोलरची काडी किंचित ढकलायची असते. हे मात्र काडीबरोबर खांदा, कंबर आणि सोफाही ढकलतात. शनिवारी नागपूरकरांच्या मांडीवर चिवडा सांडला आणि टीव्हीवर टिल्ट आला. ते दोन कोटी म्हणजे हा बोनस.

जिंकलं कोण हे आत्याबाईंनी सांगितलं नसेल, कारण तोवर त्यांनी फोन ठेवला होता. डोंबिवलीकर वहिनी "पानं वाढली आहेत" सांगायला खाली आल्या. "एक बॉल खेळा, वहिनी," असं सगळे अगदी उदारपणे म्हणाले. वहिनींनी आपल्या यजमानांना वर्षभर चेंडू अडवताना बघितलं होतं. त्यांनी अडवला, पण विचार केला नाही, लगेच मारला. तीन चेंडू एकदम सुटले, ज्याला मल्टिबॉल म्हणतात, आणि चौघे सल्लागार एकाच वेळी ओरडायला लागले. वहिनी म्हणाल्या, "जरा गप्प बसता का?" बसले. पानं गार झाली, आमटी मी दोनदा गरम केली, आणि यादीत आता सर्वांत वर वहिनींचं नाव आहे. डोंबिवलीकर भाऊजी म्हणतात की पद्धत मूळ त्यांची.

जूनमध्ये तुम्ही येताय तेव्हा कोल्हापूरकर भारतात असतील. त्यांची जागा बाबांसाठी धरून ठेवली आहे. वहिनींना हरवायचं आहे, तेव्हा बाबांनी चष्म्याचा नंबर तपासूनच यावं आणि "हिशेब बघतो" म्हणायची इथे गरज नाही. आई, तुम्ही सोफ्याच्या उजव्या टोकाला बसा. तुमचे चिरंजीव डावीकडे ढकलतात.

तुमची,
सूनबाई