युरिपिडीस पाठ असता तर

सुमाताईंनी बॅटरीची सायकल निवडली तेव्हा मला त्यांची मनापासून कीव आली. त्या माझ्या थोरल्या नणंद. गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. मी मात्र साध्या सायकलींच्या रांगेकडे अशी काही ताठ मानेनं गेले, की दुकानातल्या मुलानं आधी माझ्याकडे आणि मग माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. "नोतोला चढ आहे," तो म्हणाला. मी त्याला सांगितलं, मी साताऱ्याची आहे, यवतेश्वरचा घाट आमच्या घरामागेच आहे. तो घाट मी आजवर फक्त मोटारीत बसून चढले आहे, हा तपशील त्याच्या कामाचा नव्हता.

गाइड नको, बस नको, झेंडा धरून पुढे चालणारा टूर मॅनेजर तर नकोच, ही माझी अट. आपण प्रवासी, पर्यटक नव्हे, हे मी निघण्याआधी भिशीत इतक्यांदा ऐकवलं होतं, की बायका मला बघून विषय बदलायला लागल्या होत्या. तर सिसिलीच्या आग्नेय कोपऱ्यात आपल्या पायांनी, आपल्या मर्जीनं भटकायचं. म्हणजे हॉटेलं कंपनीनं ठरवलेली, रस्ता कंपनीनं फोनमध्ये भरून दिलेला, कुठल्या वळणावर कुत्री अंगावर येतात तेही पुस्तिकेत छापलेलं, आणि आमच्या बॅगा रोज सकाळी एक माणूस व्हॅनमध्ये टाकून पुढच्या गावी नेणार. त्या माणसाचं तोंड आम्ही शेवटपर्यंत पाहिलं नाही. सुमाताईंच्या बॅगेत चिवडा, मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि एक छोटा कुकर होता. कुकरबद्दल मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. बॅग उचलणारा रोज काय बोलत असेल ते इटालियनमध्ये असणार, त्यामुळे आमच्या नात्याला त्याची झळ लागली नाही.

माझं प्रवासीपण सिराकूसातच उघड्यावर आलं. तिथल्या जुन्या दगडखाणीत एक उंच, निमुळती गुहा आहे. आत कुजबुजलं तरी घुमतं. तिला 'डायोनिसियसचा कान' म्हणतात. हुकूमशहा डायोनिसियस इथे कोंडलेल्या कैद्यांचं बोलणं वरून चोरून ऐकायचा, अशी दंतकथा. हे नाव चित्रकार काराव्हाज्जोनं १६०८ मध्ये दिलं असं सांगतात, आणि तेच मी सुमाताईंना सांगत होते, तेवढ्यात आतून "गणपती बाप्पा" आणि त्याच्या पाठोपाठ तेवीस मीटर उंचीचं "मोरया" बाहेर आलं. मग पिवळ्या टोप्या बाहेर आल्या. मग झेंडा. मी चटकन एका लिंबाच्या झाडाआड झाले. सुमाताई सरळ टोप्यांमध्ये घुसल्या आणि थोड्या वेळानं हातात बाकरवडी घेऊन परतल्या. "एक बाई कऱ्हाडच्या निघाल्या," त्या म्हणाल्या. "तुझी चौकशी करत होत्या. झाडामागे काय करतेय म्हणून." बाकरवडी ताजी होती. मी तीन खाल्ल्या.

या खाणींचं मला वेड आहे, तेव्हा सायकल जरा भिंतीला टेकवून ठेवू. ख्रिस्तपूर्व ४१५ मध्ये अथेन्सनं सिराकूसा जिंकायला भलंमोठं आरमार पाठवलं आणि दोन वर्षांत त्याचं पुरतं वाटोळं झालं. उरलेले सात हजारांवर कैदी इथल्या खाणींत टाकले. डोक्यावर छप्पर नाही, दिवसा ऊन, रात्री गारठा, पोटाला मूठभर धान्य आणि पेलाभर पाणी. इतिहासकार थ्युसिडिडीसनं हे सगळं कोरड्या डोळ्यांनी लिहून ठेवलंय. पण पुढे कित्येक शतकांनी चरित्रकार प्लुटार्क एक भलतीच गोष्ट सांगतो. सिराकूसाच्या लोकांना युरिपिडीसच्या नाटकांचा भारी नाद होता. अथेन्सचं आरमार बुडवायचं, पण अथेन्सचा नाटककार मात्र हवा! ज्या कैद्यांना त्याची नाटकं म्हणून दाखवता आली त्यांतले काही सुटले, आणि गावी परतल्यावर युरिपिडीसला भेटून त्याचे आभार मानून आले.

हे वाचल्यापासून मला एकच चिंता लागली आहे: माझ्यावर ही पाळी आली असती तर मी काय म्हटलं असतं? जन्मभर कॉलेजात मराठी शिकवलं. लोकांना वाटतं, हिला पानंच्या पानं पाठ असतील. मला पाठ आहेत त्या नोट्स. 'प्रस्तुत ओळींत कवीने', इथून सुरुवात करून मी न अडखळता दहा मिनिटं बोलू शकते. पण प्रस्तुत ओळी कुठल्या, ते पुस्तक उघडल्याशिवाय सांगता येत नाही. नायिकेच्या स्वभावाची पाच वैशिष्ट्यं मी त्या पहारेकऱ्याला उदाहरणांसह सांगितली असती, तर त्यानं मला जास्त खोल खाणीत हलवलं असतं. नाट्यगीतांची धृपदं येतात, अंतरा लागला की मी खोकते. एकोणतीसचा पाढा येतो, पण भूमितीवेड्या ग्रीकांनाही तो मध्यरात्री ऐकवत नसेल. सुमाताईंना मात्र रामरक्षा, अथर्वशीर्ष, सगळ्या आरत्या आणि त्यांच्या शाळेच्या गॅदरिंगमधलं अख्खं नाटक, इतरांच्या संवादांसकट, येतं. त्या पहिल्याच दिवशी सुटल्या असत्या. वर पहारेकऱ्याला त्याचे उच्चार सुधारून दिले असते. त्याच खाणींच्या शेजारी डोंगरात कोरलेलं ग्रीक थिएटर आहे. तिथे १९१४ पासून उन्हाळ्याच्या तोंडावर प्राचीन ग्रीक नाटकं होतात आणि युरिपिडीस अजून हाउसफुल्ल जातो. त्या दगडी पायऱ्यांवर बसून मी सुमाताईंना विचारलं, "तुम्ही मला सोडवलं असतंत ना?" त्यांनी जरा जास्तच वेळ विचार केला.

असो. नोतोला चढ आहे. दुकानातला मुलगा खरं बोलला होता. सुमाताई हँडलवरचं एक बटण दाबायच्या आणि पदर खोचून जिना चढावा तशा सहज वर जायच्या. वर जाऊन कुठल्याशा कॅफेत बदामाचा ग्रानीता घेऊन बसायच्या. मी पोचेपर्यंत त्यांची कॅफेवाल्याशी ओळख होऊन त्याच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय इथपर्यंत गाडी गेलेली असे. हे संभाषण त्या मराठीत करत.

नोतो सुंदर आहे, इतकं म्हणून पुढे जाते, कारण ते पाहताना माझ्या डोळ्यांत घाम होता. ११ जानेवारी १६९३ च्या भूकंपात जुनं नोतो पार जमीनदोस्त झालं. लोकांनी ते तिथे पुन्हा उभं करायचा नाद सोडला, काही मैलांवर नवी जागा धरली आणि मधाच्या रंगाच्या दगडात अख्खं बरोक शहर बांधलं. त्याच्या कॅथेड्रलचा घुमट मार्च १९९६ मध्ये कोसळला. माणूस कुणी दगावलं नाही. जगभर हळहळ झाली, अकरा वर्षं काम चाललं, २००७ मध्ये घुमट पहिल्यासारखा उभा करून थाटात दारं उघडली. मी हे सुमाताईंना रंगवून सांगितलं.

१९९६ हे वर्ष दुसऱ्या दिवशी पुन्हा आडवं आलं. पोर्तोपालो हे सिसिलीचं दक्षिणेकडचं टोक, इतकं दक्षिणेला की आफ्रिकेतलं ट्युनिस त्याच्या उत्तरेला पडतं. पुस्तिकेत लिहिलं होतं: 'टुमदार मच्छीमार गाव, जेवणात ताजे मासे चुकवू नका.' धक्क्यावर सायकली लावल्या आणि मी सवयीनं बोलायला लागले. १९९६ च्या नाताळच्या रात्री, खवळलेल्या समुद्रात, या गावासमोर एक लाकडी बोट बुडाली. एका मोठ्या जहाजावरून माणसं तिच्यात उतरवली होती, आणि ती दोन्ही एकमेकांवर आदळली. निदान २८३ माणसं गेली. आपल्याकडची. भारतातली, पाकिस्तानातली, श्रीलंकेतले तमिळ. जे वाचले त्यांनी ग्रीसमध्ये पोचल्यावर सांगितलं, पण इथल्या अधिकाऱ्यांनी ती अफवा ठरवली. मच्छीमारांच्या जाळ्यात प्रेतं येत राहिली. ती परत पाण्यात सोडली जायची, कारण नोंद केली तर बोट अडकून पडणार आणि धंदा बसणार. शेवटी २००१ मध्ये एका मच्छीमाराच्या हाती एक ओळखपत्र लागलं. तो एका पत्रकाराशी बोलला, पाण्याखाली कॅमेरा सोडला, तेव्हा बोट सापडली. बोलणाऱ्याशी मात्र गावानं वाकडं धरलं.

सुमाताईंनी विचारलं, "घरी कुणी कळवलं त्यांच्या?"

मला माहीत असलेलं तिथे संपलं. सात हजार अथेनियन कैद्यांच्या रोजच्या पाण्याचं माप मला ठाऊक होतं. याचं उत्तर ठाऊक नव्हतं. आणि ही सगळी माहिती मी साताऱ्याहून निघतानाच जमवून, नेमकी याच धक्क्यावर सांगायची म्हणून राखून ठेवली होती, याची मला भयंकर चीड आली. आम्हीही याच समुद्रकाठी आलो होतो. बँकेची स्टेटमेंटं, इन्कम टॅक्सचे कागद, परतीचं तिकीट दाखवून आलो होतो, आणि आमची बॅगसुद्धा आमच्या आधी सुखरूप पोचत होती.

जेवायला बसलो. भूक लागलीच होती. वेटरनं आजच्या माशांची नावं उत्साहानं सांगितली. सुमाताईंनी हातानंच नको म्हटलं आणि टोमॅटोचा पास्ता मागवला. मीही तोच. तो इथून जवळच्या पाकीनोचा टोमॅटो होता, फार प्रसिद्ध आहे. त्याचा इतिहास मला येतो. सांगितला नाही.

मोदिकाच्या चढावर सुमाताईंची बॅटरी गेली. सबंध प्रवासभर त्यांनी ते बटण सगळ्यात वरच्या नंबरावर ठेवलं होतं. खालचे नंबर गरिबांसाठी असतात असा त्यांचा समज झाला होता. दुपारची वेळ, सगळी गावं दारं लावून झोपलेली, दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि कॅरोबची झाडं. अखेर मला पुढे जायची संधी आली. पंचवीस किलोची ती सायकल सुमाताईंना ढकलवेना. "ताई, तुम्ही माझी घ्या," मी म्हणाले. हे बोलताना माझा आवाज इतका थोर लागला, की मलाच भरून आलं. त्यांनी माझी हलकी सायकल घेतली, दोन-तीनदा गिअर करकरवले आणि बघता बघता वळणापलीकडे गेल्या. गुडघ्यांचं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. मी ते धूड ढकलत मोदिकात पोचले तेव्हा चार वाजून दुकानं उघडली होती आणि सुमाताई एका चॉकलेटच्या दुकानात काउंटरपाशी उभ्या होत्या.

मोदिकाचं चॉकलेट मंद आचेवर करतात, साखर विरघळू देत नाहीत. स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोतून आलेली ही रीत. मी धापा टाकत अॅझ्टेक लोकांपर्यंत पोचले होते.

"पाक चुकलाय," सुमाताई काउंटरवरच्या मुलीला मराठीत सांगत होत्या. "साखर कच्ची राहिली, बघ, दाताखाली येतेय." मुलीनं समजुतीनं मान हलवली आणि दुसरा तुकडा पुढे केला. सुमाताईंनी तो चघळला.

"हं. हा जमलाय. यात मिरची आहे."

पाच पाकिटं घेतली. पैसे मी दिले.