नोंद झाली का, मास्तर?

असा एक माणूस तुमच्याही ओळखीत असणारच. पंगतीत वरणावर तूप पडलं की आपला हात भाताकडे जातो, याचा खिशातल्या फोनकडे. आमच्या जोयड्यात हा मान एका निवृत्त मास्तरांचा. पुण्याच्या मुलाने त्यांच्या फोनमध्ये आहाराची डायरी घालून दिली आणि तेव्हापासून मास्तर जेवत नाहीत, जेवण नोंदवतात. दांडेलीहून आणलेला छोटा काटा पिशवीत असतोच. बारशाला गेले तरी पेढा आधी काट्यावर, मग तोंडात.

पण नोंदवायला रेंज लागते. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या या रानात एखादे वेळी वाघाचा माग सापडेल, रेंजची खात्री नाही. ती मिळते देवळामागच्या टेकडीवर. म्हणून मास्तर जेवून उठतात, टेकडी चढतात आणि भाकरी लिहितात. ॲप चढणीचा व्यायाम मोजून म्हणतं, शाब्बास, एवढ्या कॅलरी जमा. खाली येईपर्यंत भूक लागलेली असते, जमेवर अर्धी भाकरी बसते. मास्तर प्रामाणिक, म्हणून ती अर्धी लिहायला पुन्हा टेकडी.

एका रविवारी सत्यनारायणाचा प्रसाद दोन घरी झाला. संध्याकाळी फोनने 34 मजले चढल्याचं सांगितलं. मास्तरांनी मजल्याला तीन मीटर धरून गुणाकार केला आणि जाहीर केलं, "सुपा धरण 101 मीटर. आज आपण धरण चढलो!" त्या आनंदात शिरा झाला. शिऱ्यासाठी बॅटरी घेऊन टेकडी.

वजन हलेना, तसे मास्तर पुराव्यावर आले. "2008 साली अमेरिकेत साधारण सतराशे लोकांचा अभ्यास झाला. रोज लिहिणाऱ्यांचं वजन न लिहिणाऱ्यांच्या दुप्पट उतरलं." मीही 1992 चा अभ्यास काढला. डाएट करूनही वजन उतरत नाही म्हणणाऱ्या दहा जणांना तपासलं, तर ते खाणं सरासरी 47 टक्के कमी सांगत होते आणि व्यायाम 51 टक्के जास्त. मास्तर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं, "त्यांच्याकडे टेकडी होती का?"

शेजारची कुणबी आजी सत्तरीच्या पुढची. त्याच टेकडीवरून डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतरायची आणि फोन उंच धरून उभ्या मास्तरांना विचारायची, "मास्तर, अजून जेवण पोचलं नाही का?"

खरं भांडण झालं ते आजीने दिलेल्या मुडलीवरून. कुणब्यांच्या परसात पिकणारा हा कंद ॲपच्या यादीत नव्हता. जवळचं म्हणून त्याने 'उकडलेला बटाटा' सुचवलं. हजेरीपटात पोराचं नाव चुकलं की भडकायचे तसे मास्तर भडकले. ॲपमध्ये स्वतःचा पदार्थ घालायची सोय असते, ती त्यांनी हुडकून काढली. मग मुडली गेली, कणगी गेली, दर जानेवारीच्या सुमारास जोयड्यात भरणाऱ्या कंदमेळ्यातून आणलेले नाना तऱ्हेचे कोने गेले. नुसती नावं नाहीत. कुणाच्या परसातला, कधी खणला, राखेत भाजला की रश्शात घातला, खाजरा निघाला तर आमसूल किती, सगळं. वजन उतरवायच्या डायरीत गावाचं परस उतरत गेलं. मास्तरांना मात्र वाटत होतं, आपण डाएट करतोय.

परवाच्या पावसाळ्यात आजी गेली. तिच्याकडे लाल सालीचा एक कोना होता, तो इतर कुणी लावत नसे. यंदा मेळ्यात शेतकी कॉलेजची दोन मुलं जुन्या जातींची चौकशी करत आली, तेव्हा आजीच्या सुनेने डोकं खाजवत त्यांना मास्तरांकडे धाडलं. मास्तरांनी मुलांना टेकडीवर नेलं, आणखी कुठे नेणार? वर जाऊन फोन उघडला. 'आजीचा लाल कोना. मिरगाच्या आधी लावणे. मातीत राख. खणायची घाई नको.'

वजन होतं तिथेच आहे, मीही आता 1992 चं नाव काढत नाही. त्या नोंदीपुढे कॅलरीच्या रकान्यात मास्तरांनी शून्य लिहिलंय. ही लबाडी 47 टक्क्यांत धरू नये.