मराठी थर्टी, इंग्रजी फोर्टी

परभणीत पोरगा पदवीधर झाला की घरी आलेला पाहुणा चहाची बशी खाली ठेवून एकच विचारतो, "टायपिंग झाली का?" पदवीच्या टक्क्यांत त्याला रस नसतो. लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत अट स्पष्ट असते: मिनिटाला मराठी 30 शब्द किंवा इंग्रजी 40. त्यामुळे "त्याची मराठी थर्टी निघाली, आता इंग्रजी फोर्टी लावलीय" एवढं म्हटलं की पोराचं शिक्षण, चिकाटी आणि लग्नाची शक्यता, तिन्हींची माहिती मिळते. इंग्रजी साठ निघालेला तर रस्त्यानं चालतानाही हात खिशात घालत नाही. बोटं लोकांना दिसली पाहिजेत.

टायपिंगच्या शिडीची सगळ्यात खालची पायरी दोन बोटांची. तिथून वर सरकताना माणूस अडतो तो करंगळीपाशी. दहा बोटं म्हणजे एक सरकारी कार्यालयच. दोन तर्जन्या मरमर राबतात, मधली बोटं सांगितलं तेवढंच करतात, अनामिका अंगठी मिरवते आणि करंगळी मस्टरवर सही करून निघून जाते. नेमका शिफ्टचा कारभार तिच्याकडेच! वेग वाढवायचा म्हणजे तर्जन्यांना आणखी पळवायचं नाही, या करंगळीला कामाला लावायचं.

आणि आपल्या गावाचं नावच करंगळीची परीक्षा बघतं. रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर भ आणि ण आधी अर्धे उमटतात, मग काना देऊन त्यांना उभं करावं लागतं. 'परभणी'ला सात ठोके, शिफ्ट वेगळी. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ठोके पाचच, पण शिफ्ट दोनदा. 'जिंतूर'ची तऱ्हा निराळी. रेमिंग्टनवाला वेलांटी आधी देतो आणि ज नंतर, इन्स्क्रिप्टवाला ज आधी. कुणाचं बरोबर यावर दोघांची जुंपली, तर तोवर जिंतूरची एसटी सुटलेली असते.

आमचे टायपिंगचे सर शिकणाऱ्याच्या हातांवर रुमाल टाकायचे. "कामून बघायलास खाली? तिथं काय पिच्चर लागलाय का?" या रुमालामागं मोठी परंपरा आहे, हे मला पुढं कळलं. 25 जुलै 1888 ला अमेरिकेत सिनसिनाटीला फ्रँक मॅकगरिन आणि लुई ट्रॉब यांची टायपिंगची जाहीर शर्यत झाली. मॅकगरिनला कळा पाठ, त्यामुळं त्याची नजर मजकुरावर. ट्रॉबची मान सारखी वर-खाली. मॅकगरिन जिंकला.

पुढं 1946 मध्ये स्टेला पाजुनास या बाईंनी आयबीएमच्या विजेवरच्या मशीनवर मिनिटाला 216 शब्दांचा वेग गाठला. हे मी मोठ्या उत्साहानं सरांना सांगितलं. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "चुका किती?"

सगळी विद्या या दोन शब्दांत आहे. एक चूक झाली की बॅकस्पेस, पुन्हा तेच अक्षर, वर मोडलेली लय. म्हणून आधी चूक होणार नाही इतक्या हळू टाइप करायचं, लय बसली की थोडं वाढवायचं, आणि बोटं अडखळली की पुन्हा मागं यायचं. माझ्या भाच्याला हे पटत नाही. तो टाइपरेसर या वेबसाइटवर टाइप करून गाड्या पळवतो. गाडी झोकात सुटते आणि दुसऱ्याच वाक्यात बंद पडते, कारण तिथं चूक सुधारल्याशिवाय चाक हलत नाही. मग तो इंटरनेटला शिव्या देतो.

शिडीची सगळ्यात वरची पायरी मात्र कुठल्याच परीक्षेत नाही. फोर्टीवाला नोकरीला लागतो आणि पहिल्या महिन्यात धडाधड पत्रं काढतो. मग शेजारच्या टेबलावरचीही पत्रं हळूच त्याच्याकडं सरकू लागतात. तिथून त्याचा वेग बेताबेतानं उतरतो आणि एक दिवस तो सफाईनं एका बोटावर येतो. असा एक निष्णात माझ्या ओळखीचा आहे. ऑफिसात साहेब मागं उभे असले की एक बोट, आणि रात्री घरी लेकीचा प्रोजेक्ट असला की दहाच्या दहा, करंगळीसकट!