लूज मोशन म्हणजे नट ढिला नव्हे
(चिंचोळी एमआयडीसीत आजारी पडणाऱ्या जपानी पाहुण्यांसाठी वैद्यकीय इंग्रजीचा प्राथमिक पाठ)

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की लवकरच चिंचोळी एमआयडीसी येते. कागदावर मोहोळ तालुका, बोलण्यात सोलापूर. इथं जपानी माणूस रोज दिसत नाही, पण जपानी शब्द रोज दिसतात. कुठल्याही बऱ्या कारखान्यात शिरा, समोर आवराआवरीच्या पाच पायऱ्यांचा फळा असतो: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सू, शित्सुके. त्याच्या शेजारी कायझेन, म्हणजे सतत सुधारणा, त्याच्या शेजारी पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देण्याची तजवीज, आणि खाली कोपऱ्यात कुणीतरी पुसलेले तेलकट हात. मोहोळचा, कोंडीचा, पाकणीचा पोरगा हे शब्द आठवड्यात पाठ करतो, कारण ऑडिटला विचारतात. तेव्हा मशिन बसवायला किंवा ऑडिट घ्यायला आलेल्या पाहुण्यानं बदल्यात आमचं इंग्रजी शिकावं, ही अपेक्षा अवाजवी नाही. त्यातही वैद्यकीय इंग्रजी आधी शिकावं. दुपारच्या जेवणात शेंगा चटणी असते आणि बाहेर मे महिना असतो.

सुरुवातीलाच धीर देतो. आपण इंजिनिअर आहात, म्हणजे निम्मा पाठ तयार आहे. इथल्या दवाखान्यातलं इंग्रजी आणि वर्कशॉपमधलं इंग्रजी एकाच स्टोअरमधून निघालेलं आहे. प्रेशर, व्हॉल्व्ह, गॅस, डिस्चार्ज, ब्लॉकेज, लोड, बायपास हे सगळे शब्द दोन्हीकडे चालतात. हाड मोडलं की प्लेट बसवतात, स्क्रू मारतात, रॉड टाकतात. कोणत्या मापाचा, तेही फिटर असलेला नातेवाईक डॉक्टरांना विचारून घेतो. फक्त जागा पाहून अर्थ लावायचा. ‘डिस्चार्ज मिळाला’ हे पंपाजवळ ऐकलं तर पाणी आलं, आणि दवाखान्याच्या दारात ऐकलं तर बिल भरलं. ‘एक्स्पायर झाला’ हे स्टोअरमध्ये ऐकलं तर डबा बाजूला ठेवायचा, कँटीनमध्ये ऐकलं तर हातातला चहा खाली ठेवायचा. ‘बायपास केला’ यावर मात्र अभिनंदन करण्याआधी थांबा. बोलणारा पुण्याहून गाडी कुठून आणली ते सांगत असेल.

यातला पहिला अवघड शब्द म्हणजे ‘लूज मोशन’. जपानी पाहुण्यांची इथं हमखास फसगत होते. सुपरवायझर म्हणाला, ‘ऑपरेटरला लूज मोशन हाय,’ की पाहुणा पाना घेऊन मशिनच्या स्लाइडकडे जातो. हा दोष मशिनचा नसतो. त्यावर ऑइल टाकायचं नसतं, मीठ-साखरेचं पाणी द्यायचं असतं.

दुसरा शब्द ‘लिव्हर’. इथं आपली भाषा आणि आमची भाषा गळ्यात गळा घालतात. जपानीत ‘रेबा’ म्हणजे दांडा आणि ‘रेबा’ म्हणजेच खायची कलेजी. आमच्याकडे क्लचचा तोही लिव्हर आणि काविळीत सुजतो तोही लिव्हर. सोनोग्राफीत ‘लिव्हर थोडं मोठं आलंय’ असं सांगितलं तर ते लेथवर घासून मिळणार नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

उच्चारांची काळजी करू नका. आपल्याला ‘ल’ आणि ‘र’ यांत फरक करता येत नाही, ‘व्ह’चा ‘ब’ होतो, ‘माउथ’ म्हणायला गेलं की ‘माउसु’ होतं आणि तोंड आलेला माणूस उंदराची तक्रार करतो. पण समोरचा कंपाउंडर ‘इस्टोर’, ‘इस्क्रू’, ‘इस्टेशन’ म्हणणाऱ्यांच्या घरातला आहे. जोडाक्षर दिसलं की मदतीला एक स्वर पाठवायचा, ही रीत तुमच्याकडची तशी आमच्याकडचीही.

एक सवय मात्र विमानतळावरच सोडून यावी. आपल्याकडे मेइजी काळात वैद्यकासाठी जर्मनीला गुरू केलं. त्यामुळे केसपेपरला आपण ‘कारुते’ म्हणता, प्लास्टरला ‘गिपुसु’ म्हणता, ‘अरेरुगी’तला ‘ग’ ठसक्यात म्हणता, आणि हे सगळं इंग्रजी आहे असं समजून बोलता. इथं ‘गिपुसु’ म्हटलंत तर जिप्समची गोणी येईल. त्याही आधीची आपली परंपरा थोर आहे, हे मान्य. १७७४ साली सुगिता गेम्पाकू आणि मंडळींनी डच शरीरशास्त्राचं पुस्तक भाषांतर करून छापलं, तेही हाताशी धड कोश नसताना. एका ओळीवर अख्खा दिवस गेल्याचं सुगितांनी म्हातारपणी लिहून ठेवलं आहे. डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन वाचताना आमच्या मेडिकलवाल्याचीही हीच साधना चालते, फरक इतकाच की त्याला अर्ध्या मिनिटात गोळी द्यावी लागते.

आता आकडे. हा भाग दुर्लक्षू नये, नाहीतर जीव घाबरा होईल. आपण ताप सेल्सिअसमध्ये मोजता. ३८ म्हणजे बराच. इथं ताप फॅरनहाइटमध्ये येतो आणि त्याला अंश वगैरे काही लागत नाही. ‘एकशे दोन हाय’ असं नर्स शांतपणे म्हणते. शंभरला पाणी उकळतं हे शाळेत शिकलेला पाहुणा हे ऐकून आडवा होतो. एकशे दोन म्हणजे आपले ३८.९, उकळलेले नाहीत, पॅरासिटामॉल घ्या. सोलापुरात मे महिन्यात सावलीतला पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, तो मात्र सेल्सिअसमध्ये सांगतात. म्हणजे हवेचा ताप सेल्सिअसमध्ये आणि माणसाचा फॅरनहाइटमध्ये. असं का, हे विचारू नये. रुग्णवाहिका हवी असेल तर १०८ लावायचा. घाबरून आपला ११९ फिरवू नका. तो तोक्योला ठीक.

प्रथमोपचार पेटीचाही शब्द पाठ करून ठेवा: फर्स्ट एड बॉक्स. १९४८ च्या कारखाना कायद्यानं दर दीडशे कामगारांमागे एक, असं माप घालून दिलं आणि पाचशेच्या वर माणसं असतील तर स्वतंत्र खोली सांगितली. पेटी भिंतीवर असतेच. तिची किल्ली ज्याच्याकडे असते तो दुसऱ्या शिफ्टला असतो. पेटी उघडलीच तर आत कापूस, रिकामी ट्यूब आणि मागच्या ऑडिटची चेकलिस्ट सापडेल. चेकलिस्टवर सगळं ‘ओके’ आहे.

इथवर ठीक चाललं होतं. खरी अडचण पुढं आहे. डॉक्टर विचारतील, ‘कैसा पेन है? शार्प? डल? बर्निंग?’ तुम्ही गप्प बसाल. तुमच्याकडे शब्द नाहीत म्हणून नव्हे, फार आहेत म्हणून. डोक्यात घण पडत असतील तर ‘गानगान’, जखम नाडीबरोबर ठसठसत असेल तर ‘झुकिझुकि’, कातडी चुरचुरत असेल तर ‘हिरिहिरि’, टोचत असेल तर ‘चिकुचिकु’, पोटात पीळ पडून कळ येत असेल तर ‘किरिकिरि’. इंग्रजीला हे जमत नाही. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली दुखण्याची प्रश्नावली छापली, तीत ७८ शब्द गोळा करून वीस गटांत मांडावे लागले. त्या यादीनं जगभरच्या दवाखान्यांत मोठं काम केलं, तिची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. पण ते शब्द परीक्षेला बसल्यासारखे निवडायचे असतात. कळ येत असताना कोण निवडणार?

यावर आमचा खास उपाय: डॉक्टरांकडे न पाहता बाजूच्या मावशींकडे पाहा आणि जपानीच बोला. ‘झुकिझुकि’ म्हटलं की मावशी म्हणतील, ‘ठसठसायलंय म्हनायलेत.’ ‘गोरोगोरो’ म्हणा, त्या म्हणतील, ‘पोटात गुडगुड.’ ‘मुकामुका’ म्हणून तोंड वाकडं केलंत तर बादली सरकवतील, कारण त्यांना तो शब्द ‘मळमळ’च ऐकू येतो. ठणका, चमक, रग, मुरडा, झिणझिण्या, खवखव, चरचर, भणभण: दोन देशांच्या मधोमध समुद्र आहे, पण दुखणं आवाजानं सांगायची खोड एकच. मग मावशी ते सोलापुरीत सांगतात, डॉक्टर ते ऐकतात आणि कागदावर ‘पेन’ एवढंच लिहितात.

हे डॉक्टर मंडळींवर टीका म्हणून लिहीत नाही. सोलापूरचा डॉक्टर भाषेत कंजूष नसतो. पूर्वभागातल्या आजीशी तेलुगूत बोलेल, अक्कलकोटकडच्या शेतकऱ्याशी कन्नडमध्ये, एमआयडीसीतल्या पोराशी मराठीत, आणि मध्येच फोनवर हिंदीत. कधी ड्रायव्हर आपल्याला डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक दाखवायला नेईल. ते सोलापूरचे. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, चिनी शिकले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथंच वारले. तिथल्या रुग्णांना इंग्रजी शिकावं लागलं नाही. ते सैनिक कुणाशी लढत होते हे आपल्याला माहीत असेलच. ड्रायव्हर त्या मुद्द्यावर येऊन एकदम गिअर बदलेल, आपणही खिडकीबाहेर पाहावं.

मग इंग्रजी लागतं कशाला? कागदाला. या पाठाचा गाभा हाच आहे, इथून पुढं लक्ष द्या. आजार मराठीत होतो, तपासणी मिश्र भाषेत होते, पण रजा इंग्रजीतच मिळते. ‘सफरिंग फ्रॉम’, ‘ॲडव्हाइज्ड रेस्ट’, ‘फिट टु रिझ्यूम ड्युटी’ ही तीन वाक्यं ज्याला पाठ आहेत, त्याला बाकीचं शरीरशास्त्र नसलं तरी चालतं. एचआरमध्ये ‘अंगात कणकण होती’ चालत नाही. ‘व्हायरल फीव्हर’ चालतो. ‘कंबर धरली’ चालत नाही, ‘लंबार स्पॉन्डिलोसिस’ म्हटलं की साहेब खुर्ची देतात.

या विषयातला आपला गुरू म्हणजे ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या विमा योजनेचं, कार्ड खिशात असलेला कामगार. त्याचा पगार महिना २१ हजारांच्या आत असेल तर तो या योजनेत. पगारातून पाऊण टक्का त्याचा कापला जातो, सव्वातीन टक्के मालक भरतो. आजारपणाची रजा घेतली तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत रोजच्या मजुरीचे ७० टक्के मिळतात. कामावर इजा झाली तर ९० टक्के. म्हणजे ‘सिकनेस’ आणि ‘एम्प्लॉयमेंट इंज्युरी’ या दोन शब्दांत वीस टक्क्यांचं अंतर आहे. चारशे रुपये रोज असेल तर दिवसाला ८० रुपये. इतका रोकडा शब्दकोश ऑक्सफर्डलाही काढता आलेला नाही.

म्हणूनच बोट मशिनमध्ये गेलं की सगळ्यात आधी रक्त थांबवत नाहीत, शब्द थांबवतात. फाटकाजवळ ‘अपघाताविना इतके दिवस’ असा मोठा फळा असतो. आकडा शून्यावर येऊ नये म्हणून कुणीतरी हळूच कानात सांगतं, ‘गाडीवरून पडलो म्हन. खर्चाचं आपन बघू.’ पोरगा ठेकेदाराचा असेल तर कानाजवळ येण्याचीही गरज पडत नाही. तुमच्या देशातून आमच्याकडे ‘हियारी-हात्तो’ हाही शब्द आला: अंगावर सर्रकन काटा येतो तो हियारी, दचकून श्वास अडकतो तो हात्तो, म्हणजे थोडक्यात वाचलेला प्रसंग. अशा प्रसंगांची नोंद करा, असं तुम्ही शिकवलंत. आम्ही नोंदी केल्या. वहीत वाचलेली बोटं भरपूर आहेत. गेलेली बोटं गाडीवरून पडल्याच्या नोंदीत आहेत.

आपल्यासारख्या पाहुण्याला ईएसआय लागू नाही, त्यामुळे आपला कागद वेगळा. आपल्या लूज मोशनची चौकशी कंपनी आपल्याच पद्धतीनं करेल: ‘का’ हा प्रश्न पाच वेळा. क्वालिटीचा माणूस फॉर्म घेऊन पलंगाशेजारी बसेल. पोट का बिघडलं? चटणी खाल्ली. का खाल्ली? ताटात होती. ताटात का होती? आधीची संपली होती. का संपवली? वाढलेलं टाकू नये असं जपानात शिकवतात. मग परत का वाढली? ताट रिकामं दिसलं तर पाहुणा उपाशी, असं सोलापुरात शिकवतात. मूळ कारण सापडलं, रकाना भरला, शेवटच्या रकान्यात उपाययोजना लिहायची असते. तिथं बहुतेक जण ‘पोका-योके: दोन्ही हात ताटावर आडवे धरणे’ असं लिहितात आणि सही करतात. आम्ही हा उपाय वापरून पाहणाऱ्यांना पाहिलं आहे. वाढणारा बोटांच्या फटीतून वाढतो, वर तेलही सोडतो.