गुप्त कार्यक्रम, काळा पुरावा

पन्नाशीला टेकलेला गृहस्थ पहिल्यांदा घरी डाय लावतो, तो अगदी कोणाला कळू न देता. म्हणूनच मुहूर्त रविवार सकाळचा. तेव्हा सगळं घर बाथरूमच्या दारावर थापा मारत असतं.

पाकिटावर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत सूचना असते : ४८ तास आधी कानामागे थोडा डाय लावून पाहा. कारण त्यातल्या पीपीडी या रसायनामुळे काहींना खाज सुटते, डोळे-तोंड सुजतं. पण भाच्याचं लग्न उद्यावर! शिवाय ४८ तास थांबायचा नियम आपल्याकडे निवडणूक-प्रचाराला. तिथेही तो पाळतो कोण?

मग वाटीत कालवलेला डाय जुन्या टूथब्रशने थापला जातो. कपाळाला, कानांना आधी व्हॅसलिन चोपडायचं राहूनच जातं. परिणामी कानाच्या पाळ्या, वॉशबेसिन आणि पाहुण्यांसाठी जपलेला पांढरा टॉवेल यांवर रंग पक्का बसतो. मिशी मात्र पांढरीच राहते, वयाचा दाखला हाती धरून.

लग्नात कोणी काही बोलत नाही. सगळे फक्त डोळ्यांच्या वर पाहून बोलतात.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे महिनाभरात भांगातून सत्य बाहेर! एवढ्या झपाट्याने एखादा चौकशी अहवाल आलेला आठवतो का?