मेंटेनर : अस्मादिक

डेबियनवाले ओपनएसएसएलच्या दोन आवृत्त्या का देत नाहीत, हा प्रश्न मी ऑफिसच्या कँटीनमध्ये नेहमी विचारायचो. सूर असा, की बिचाऱ्यांना जमत नसावं. आमच्या जुनाट बिलिंग प्रोग्रामला हवं होतं १.१, आणि २०२३ साली आलेल्या डेबियन १२मध्ये होतं फक्त ३.०.

आधी फुकटातला उपाय केला. ३.०च्या लायब्ररीला सिमलिंक जोडून तिला जुनं नाव दिलं. दारावर जोश्यांची पाटी ठोकली की आतले कुलकर्णी जोशी होतात, अशी माझी भाबडी समजूत. पण लायब्ररीतल्या एकेका फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का असतो. प्रोग्रामने शिक्के तपासले आणि ‘ओपनएसएसएल_१_१_० सापडत नाही’ म्हणून बसकण मारली.

मग म्हटलं, पॅकेजच बांधू या! सोर्स कंपाइल केला आणि लायब्ररी, हेडर फाइली, ‘ओपनएसएसएल’ कमांड, मॅन पेजेस असं हाताला लागेल ते एका डेबमध्ये कोंबलं. डीपीकेजीने अडवलं : ही फाइल दुसऱ्या पॅकेजच्या मालकीची आहे. मी ‘फोर्स ओव्हरराइट’चा दांडका उगारला. डीपीकेजी गप्प. पुढे डेबियनच्या ओपनएसएसएलचा सिक्युरिटी अपडेट आला, आणि डीपीकेजीने तेच वाक्य डेबियनला ऐकवलं. आता त्या फाइलचा मालक मी होतो आणि घुसखोर डेबियन! एपीटी तिथेच अडकून बसलं.

तेव्हा कुठे डेबियनची रीत वाचायची बुद्धी झाली. लायब्ररीच्या पॅकेजच्या नावातच आकडा असतो. म्हणून लिबएसएसएल १.१ आणि लिबएसएसएल ३ एकत्र नांदू शकतात. भांडण लागतं ते बिनआकड्याच्या फाइलींवरून. २०१७च्या डेबियन ९मध्ये १.०.२ आणि १.१ दोन्ही होत्या. पण दोघींच्या हेडर फाइलींची जागा एकच, त्यामुळे डेव्ह पॅकेज एका वेळी एकच टाकता यायचं. मी निमूटपणे सगळी भर काढून टाकली आणि लिबएसएसएल, लिबक्रिप्टो एवढ्या दोनच फाइली ठेवल्या. प्रोग्राम सुरू झाला. कंट्रोल फाइलमध्ये ‘मेंटेनर’पुढे स्वतःचं नाव ऐटीत टाइप केलं आणि पॅकेज अख्ख्या ऑफिसात वाटलं.

डेबियनला न जमणारं काम बांधणीचं नव्हतंच. प्रश्न होता नंतर निस्तरणार कोण, हा. १.१.१चा आधार ११ सप्टेंबर २०२३ला संपला. त्यानंतरचे पॅच ओपनएसएसएलवाले पैसे मोजणाऱ्यांनाच देतात. आता ओपनएसएसएलमध्ये नवं भोक सापडल्याची बातमी आली, की शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी अदबीने विचारते, “सर, तुमच्या पॅकेजचा पॅच कधी येतोय?”

मी म्हणतो, “टेस्टिंग चालू आहे.” आणि कँटीन बदललंय.