बाल्कनीतलं स्थळ: मस्कतमध्ये अडेनियम वाढवू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

पहिली पायरी झाडाची निवड. मस्कतला नव्याने आलेलं मराठी कुटुंब, मग ते रुवीत राहो की अल खुवेरला, दोन-तीन महिन्यांत बाल्कनीत काहीतरी लावतंच. पहिला मान तुळशीचा, दुसरा कढीपत्त्याचा. दोन्ही जरूर लावा. मग शाळांना सुट्टी लागेल, तुम्ही सहकुटुंब गावी जाल, घराची किल्ली इमारतीच्या नातूरकडे, म्हणजे रखवालदाराकडे, सोपवाल आणि परत आल्यावर कुंडीत काड्या उभ्या दिसतील. नातूर शपथेवर सांगेल की पाणी रोज घातलं. त्याच्यावर संशय घेऊ नका, तो खरंच बोलत असतो. मस्कतपासून तासाभरावर कुरियात आहे. तिथे २६ जून २०१८ रोजी चोवीस तासांतलं सर्वांत कमी तापमान ४२.६ अंश नोंदलं गेलं. पुन्हा वाचा: सर्वांत कमी. त्यात तुळशीने काय करायचं आणि नातूरने तरी काय करायचं?

इथे पुण्याहून एखाद्या भाच्याचा फोन येईल. “मामा, छंदच करायचा तर गांजा लाव ना. परदेशात लोक घरात लावतात, संकर करतात, नवनवीन जाती काढतात.” भाच्याला सांगा की मामा राहतो तो परदेश वेगळा. ओमानचा अंमली पदार्थविरोधी कायदा १९९९चा आहे, तस्करीसारख्या गुन्ह्याला त्यात देहदंडापर्यंत शिक्षा आहे, आणि ‘छंद’ या सबबीला कुठेही जागा ठेवलेली नाही. भाच्यानेही फार उड्या मारू नयेत. आपल्याकडच्या १९८५च्या कायद्याने विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. शेजारच्या अमिरातीत तर अनारशावरची खसखससुद्धा चालत नाही. तेव्हा गावाहून येताना बॅगेत कुठलंही बी ‘बघू काय उगवतंय’ म्हणून टाकू नका. फोन ठेवा आणि पुढच्या पायरीकडे वळा.

राहिलं अडेनियम. हे इथलंच झाड. दक्षिणेला धोफारच्या डोंगरात खडकाच्या फटीत, कुणी न लावता, कुणी पाणी न घालता वाढतं. कुळ कण्हेर, चाफा, तगर आणि रुईचं, म्हणजे आपल्या ओळखीचं घराणं. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेतला वनस्पतिशास्त्रज्ञ पीटर फोर्सकोल याने ते येमेनमध्ये पाहिलं, त्याला कण्हेरच समजून टिपून ठेवलं आणि १७६३मध्ये तिथेच तापाने गेला. मोहिमेतून जिवंत परतलेला एकटा कार्स्टन नीबूर. त्याने सोबत्याचं लिखाण १७७५मध्ये छापून आणलं. हा नीबूर मध्यंतरी मुंबईत राहून मग मस्कतला आला होता, म्हणजे अगदी तुमच्याच मार्गाने, फक्त त्याला व्हिसाच्या मेडिकलच्या रांगेत उभं राहावं लागलं नाही.

कुंडी मातीची घ्या, पसरट. नर्सरीतली काळी प्लास्टिकची कुंडी जुलैच्या उन्हात इतकी तापते की आत मुळं शिजतात. समुद्रावरची वाळू फुकट मिळते, तीही नको, तिच्यात मीठ असतं. जाडसर वाळू, विटांचे तुकडे, पर्लाइट, मूठभर कुजलेलं खत; हातात घेऊन दाबलं तर गोळा होता कामा नये, झालं.

आता पाणी. बहुतेक मराठी अडेनियमं इथेच दगावतात. आपल्याकडे सकाळी चहाच्या आधी झाडांना पाणी घालणं हा संस्कार आहे, आणि अडेनियमला हा संस्कार मानवत नाही. खालचा फुगीर बुंधा ही त्याची स्वतःची टाकी. ती भरलेली असताना तुम्ही वरून तांब्या ओतलात की मुळं कुजतात. उन्हाळ्यात माती पूर्ण सुकल्यावर भरपूर पाणी, थंडीत जवळजवळ नाहीच. बुंधा बोटाने दाबून बघा: कडक असेल तर तुम्ही हात मागे घ्या, मऊ लागला तर तातडीने उपटा, कुजका भाग स्वच्छ सुरीने कापून काढा, बुरशीनाशक लावा आणि झाड कुंडीबाहेर सावलीत आठवडाभर सुकू द्या. पाणी एसीच्या नळीखाली ठेवलेल्या बाटलीतलं उत्तम, त्यात क्षार नसतात. मात्र एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा थेट झाडावर येईल अशी कुंडी ठेवू नका. मस्कतच्या बाल्कनीत ही अट पाळली की उभं राहायला फारशी जागा उरत नाही. तुम्ही घरात उभे राहा.

जानेवारीत पानं पिवळी पडून गळतील. घरात साधारण असा संवाद होईल:

“अहो, मेलं का हो ते?”

“झोपलंय.”

“तीन आठवडे?”

“तुमच्याकडचे दादा नाही का येऊन राहिले होते?”

यानंतरचा संवाद प्रत्येक घरी वेगळा होतो, तो इथे देत नाही.

दीड-दोन वर्षांत झाड रुळलं, गुलाबी फुलं आली, की माणसाचं समाधान संपतं आणि छंद लागतो. थायलंड आणि तैवानच्या बागायतदारांनी दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची, पिवळी, काळपट लाल अडेनियमं काढली, मग आपण का नाही? इथून पुढे तुम्ही विवाहमंडळ चालवणार आहात, तेव्हा नियम नीट वाचा.

सगोत्र चालत नाही. एकाच झाडाची दोन फुलं बहुधा फळत नाहीत, आणि एकाच झाडाची काडी घेऊन कलम केलेली दोन रोपं म्हणजे तेच झाड. म्हणून वेगळ्या बुंध्याचं स्थळ शोधा. मस्कतमध्ये हे काम गणेशोत्सवात सहज होतं. आरती संपली की कोणाच्या बाल्कनीत कोणता रंग फुललाय याची चौकशी प्रसादाच्या रांगेत करता येते.

मुहूर्त सकाळचा. फूल एक-दोन दिवसांपूर्वी उमललेलं असावं. नळीसारखा भाग ब्लेडने उभा चिरून बाजूला करा. तळाशी पाच पुंकेसर एकमेकांना चिकटून झालेला छोटा सुळका दिसेल, वर लव असलेले लांब केसर. पराग त्या सुळक्याच्या आत, वरच्या पोकळीत, आणि स्त्रीकेसराचं तोंडही त्याच सुळक्यात, पण खाली. एकाच घरात राहून दोघांची भेट होत नाही, अशी निसर्गाने केलेली रचना. दाढीच्या ब्रशने काहीही होणार नाही, दोन-चार केसांचा रंगकामाचा ब्रश किंवा टोकदार टूथपिक लागते. वरपक्षाचा सुळका सुईने उघडून फिकट पिवळे कण टोकावर घ्या, वधूपक्षाच्या दोन पुंकेसरांमधल्या फटीतून आत सारा आणि खाली टेकवा. श्वास रोखून धरावा लागतो. त्याच क्षणी घरातून कोणीतरी “गॅस सिलिंडरवाला आलाय” असं ओरडणार आहे, हे गृहीत धरा.

हात साबणाने धुवा. ही ओळ गमतीची नाही. या झाडाचा चीक विषारी आहे, थेट हृदयावर काम करणारा. आफ्रिकेत तो बाणांना लावत. डोळ्याला हात लावू नका, लहान मुलं आणि मांजरं लांब ठेवा.

लग्न लागलं असेल तर काही आठवड्यांत फुलाच्या जागी शेंगांची जोडी दिसू लागेल, दोन टोकं दोन दिशांना. पुढचे दोन-तीन महिने शेंगेला हात लावायचा नाही, रोज जाऊन बघायचं. पिकायला आली की तिला दोरा गुंडाळा किंवा जाळीची पिशवी बांधा. बियांना दोन्ही टोकांना रेशमी तुरे असतात. शेंग दुपारी फुटली तर तुमची सगळी संतती संध्याकाळपर्यंत समोरच्या इमारतीत गेलेली असेल.

ताजं बी आठवडाभरात रुजतं. पहिलं फूल यायला साधारण वर्ष. या वर्षभरात तुम्ही नाव ठरवून ठेवाल, ‘मस्कत सूर्यास्त’ वगैरे, आणि काळपट लाल वडील व पिवळी आई यांच्या पोटी येणारा केशरी रंग मनात पक्का कराल. फूल गुलाबी येईल. दुसरं रोपही गुलाबी. घराण्याचा मूळ रंग गुलाबी आहे आणि तो वर येतच राहतो. मनासारखा रंग बीपासून मिळणं नशिबाचा भाग, म्हणूनच बाजारातली रंगीत जात कलमाने वाढवतात. तरीही बारसं करा. गुलाबीच्या फुटकळ छटांना वेगळी नावं देणं हाच या छंदाचा गाभा आहे.

हे झाड आखातातल्या माणसाला मानवतं याचं कारण फुलं नव्हेत. दोन महिने घर बंद असलं तरी ते टाकीतलं पाणी पुरवून वापरतं, वाट बघत नाही. आणि नोकरी संपून कायमचं परतायची वेळ आली, तर कुंडी उचलून दुसऱ्याच्या बाल्कनीत ठेवता येते. मस्कतमधले कित्येक जाडजूड बुंधे असे घरोघर फिरून वाढलेले आहेत. मूळ मालक नाशिकला सोसायटीच्या मीटिंगला जातो, झाड इथे नव्या व्हिसावर.

शेवटची सूचना खरीफला, म्हणजे धोफारच्या पावसाळ्यात, सलाला गाठणाऱ्यांसाठी. हजार किलोमीटर गाडी हाकून तुम्ही जुलैत धोफारला पोहोचाल, धुकं आणि रिमझिम बघून “अगदी कोकण” म्हणाल आणि डोंगरउतारावर हिरवं अडेनियम दिसेल. फुलं बघायची तर खरीफच्या आधी, फांद्यांवर पान नसताना जायला हवं होतं. ते असो. पण तो बुंधा खणून डिकीत घालण्याचा मोह आवरा. तेवढा व्हायला त्याला कैक वर्षं लागलेली असतात, खडकातून ओढताना मुळं तुटतात आणि मस्कतला पोहोचेपर्यंत ते कुजायला लागतं. बरक्याच्या वाटेवर नर्सरीत रोप विकत मिळतं. बी तर फुकट मागा. मस्कतचा कोणताही अडेनियमवाला नाही म्हणणार नाही, फक्त त्याच्या सगळ्या गुलाबी फुलांची नावं ऐकून घ्यावी लागतील.